रक्तस्राव आणि पहिले तीन तास

धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यात, सुरत–भुसावळ लोहमार्गावर वसलेले दोंडाईचा हे परिसरातील खेड्यांचे बाजाराचे गाव होय. येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. तथापि, अपघातात गंभीर जखमी झालेला इसम असो वा प्रसूतीनंतर रक्तस्राव न थांबणारी माता असो, प्रकृती बिकट झाल्यास रुग्णास धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हलवावे लागते. हे अंतर ५० किलोमीटरांहून अधिक आहे. शेतातून किंवा पाड्यावरून दोंडाईच्यापर्यंत येण्यात गेलेला वेळ यात धरलेला नाही. तीव्र रक्तस्रावाचा सारा प्रश्न या वेळाशी निगडित आहे.

जखम झाली की शरीर स्वतःच ती बुजवू लागते. रक्तातील फायब्रिन नावाच्या द्रव्याचे तंतू विणले जाऊन जाळे तयार होते व त्यात रक्त गोठते. परंतु हे जाळे विरघळविणारी यंत्रणाही शरीरात असतेच. मोठी इजा झाल्यास किंवा प्रसूतीच्या वेळी ती कधी कधी अकाली व अतिरेकाने कार्य करू लागते. एकीकडे बांध घालावा आणि दुसरीकडून तो खचत जावा, तशी ही अवस्था होते. ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड हे औषध हा खचणारा बांध टिकवून धरते. ते नवी गुठळी निर्माण करीत नाही. झालेली गुठळी विरघळू देत नाही, एवढेच त्याचे कार्य.

या औषधाचा शोध जपानमधील उताको ओकामोटो व त्यांचे पती शोसुके ओकामोटो यांनी लावला आणि १९६२ मध्ये तो प्रसिद्ध केला. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने दगावणाऱ्या माता वाचाव्यात, ही उताकोबाईंची तळमळ होती. परंतु प्रसूतितज्ज्ञांनी त्या काळी या औषधाची चाचणी घेण्याची तयारी दर्शविली नाही. पुढे अनेक दशके ते प्रामुख्याने शस्त्रक्रिया, दंतचिकित्सा व मासिक पाळीतील अतिस्राव यांसाठी वापरले गेले. २०१० मध्ये ४० देशांतील २० हजारांहून अधिक जखमींवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या देशांत भारतही होता. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अपघातातील जखमींसाठी ते आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. प्रसूत मातांवरील तितक्याच मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०१७ मध्ये आला. उताकोबाई त्याच्या आदल्या वर्षी निवर्तल्या होत्या.

या चाचण्यांतील आकडे मुळातून पाहण्याजोगे आहेत. जखमींना पहिल्या तासाच्या आत औषध मिळाले तेव्हा रक्तस्रावाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा ७.७ वरून ५.३ वर आले. तीन तासांनंतर दिले गेले तेव्हा मात्र ते ३.१ वरून ४.४ वर गेले. म्हणजे उशिराने दिलेले औषध निरुपयोगी तर ठरलेच, उलट अपायकारक ठरण्याची शक्यता दिसली. मातांमध्ये तीन तासांच्या आत दिल्यास हे प्रमाण १.७ वरून १.२ झाले. पुढील विश्लेषणात, प्रत्येक १५ मिनिटांच्या विलंबागणिक लाभ सुमारे दहा टक्क्यांनी घटतो, असे आढळले. धुळ्याला पोहोचल्यावर इंजेक्शन देऊ, ही भूमिका म्हणूनच चुकीची होय. पहिली मात्रा, म्हणजे एक ग्रॅम, सुमारे दहा मिनिटांत शिरेतून, जेथे डॉक्टर प्रथम भेटतील तेथेच मिळाली पाहिजे.

हे औषध महागडे नाही आणि त्यास शीतकपाटही लागत नाही. खानदेशाच्या उन्हाळ्यात ही लहान बाब नव्हे. गर्भाशय आकुंचित करण्यासाठी प्रत्येक प्रसूतीनंतर द्यावयाचे ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. वीज वारंवार खंडित झाली तर त्याचा गुण कमी होतो. अर्थात एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही. ऑक्सिटोसिन प्रथम हवेच.

येथे काही सावधगिरीच्या गोष्टी सांगणे अगत्याचे आहे. हे इंजेक्शन घरी किंवा रस्त्यावर कोणीही द्यावयाचे नाही. गावकऱ्यांनी करावयाचे ते स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरणे. हळद वा चहापूड भरण्यात वेळ दवडू नये. जठर व आतड्यांतील (पचनमार्गातील) रक्तस्रावावर हे औषध मृत्यू टाळीत नाही, असे २०२० च्या चाचणीत दिसून आले. घोणस किंवा फुरसे चावल्याने होणाऱ्या रक्तस्रावावर प्रतिसर्पविष लस हाच उपाय आहे. रक्ताची गुठळी होण्याचा विकार असलेल्यांबाबत निर्णय डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून उपलब्ध आहे. अपघातग्रस्तास सद्भावनेने मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या १३४-अ या कलमाने संरक्षण दिले आहे. ही गोष्ट ग्रामसभेत मुद्दाम सांगावी, कारण पोलीस चौकशीच्या धास्तीने माणसे अजूनही मागे सरतात. शिक्षक, सरपंच, आशा कार्यकर्ती यांपैकी जो प्रथम घटनास्थळी असेल त्याने घड्याळ पाहून इजेची किंवा प्रसूतीची वेळ कागदावर टिपावी आणि तो कागद रुग्णाबरोबर द्यावा. औषध देता येईल की नाही, हे डॉक्टर त्यावरूनच ठरवितात. मातेस पहिल्या मात्रेनंतर ३० मिनिटांनीही स्राव चालू राहिला, किंवा २४ तासांत तो पुन्हा सुरू झाला, तर दुसरी मात्रा देता येते. दोंडाईच्याहून निघालेल्या चिठ्ठीवर पहिल्या मात्रेची वेळ नसेल, तर धुळ्याच्या डॉक्टरांना हा हिशेब करता येत नाही.