कोलारेस : वाळूत रुजलेली रेड वाइन

लिस्बनहून सिंत्राचा डोंगर ओलांडून अटलांटिकच्या दिशेनं उतरलं की कोलारेस लागतं. युरोपच्या मुख्य भूमीचं पश्चिम टोक, काबो दा रोका, याच गावाच्या हद्दीत आहे. नाशिककडच्या बागायतदाराला इथली द्राक्षबाग ही बाग वाटणारच नाही. ना मांडव, ना तारा. वेली काकडीसारख्या वाळूवर लोळताहेत, मधूनमधून सफरचंदाची झाडं, आणि खारा वारा अडवायला वाळक्या बोरूंचे कूड.

एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीनं युरोपातल्या बागा उठवल्या. शेवटी अमेरिकी खुंटावर कलमं बांधावी लागली. (आपला डॉगरीज खुंटही मूळचा तिकडचाच, आपण तो धरला पाणीटंचाई आणि क्षारांपायी.) कोलारेसच्या वाळूत मात्र कीड टिकली नाही. म्हणून इथलं ‘रामिस्को’ हे काळं द्राक्ष आजही स्वतःच्या मुळांवर आहे.

त्याची लागवड म्हणजे जिकिरीचं काम. वाळूखालची चिकणमाती लागेपर्यंत खोल चर खणायचा, तळाशी काडी रोवायची आणि वेल वर येईल तशी वाळू लोटत जायची. पूर्वी खणणारे गडी डोक्यावर टोपली पालथी घालून चरात उतरत. कडा ढासळलीच तर श्वासापुरती हवा राहावी म्हणून! वेल मेली की शेजारणीची काडी वाळूत दाबून नवी करायची. घड भरले की तापल्या वाळूनं करपू नयेत म्हणून काड्यांना बोरूच्या तुकड्यांचे टेकू द्यायचे. हे सगळं हातानं.

किडीला पुरून उरलेला हा मुलूख जमिनीच्या भावापुढे हरला. समुद्राकाठी बंगले उठले, आणि एकेकाळी हजार हेक्टरच्या घरात असलेली लागवड पन्नासाच्या आत आली. 1931 सालच्या सहकारी वाइनरीनं तग धरला. आता 1808 पासूनची ‘विऊवा गोमेस’ ही छोटी वाइनरी पुन्हा रामिस्को लावते आहे. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये कार्यालय असलेल्या ‘फुंदासांव ओरिएंत’ या संस्थेनेही इथे वेली लावल्या आहेत.

वाइन रंगानं फिकी, आंबटसर आणि सुरुवातीला जीभ आखडेल इतकी तुरट. अल्कोहोल बेताचं. आठ-दहा वर्षं थांबायची तयारी नसेल, तर माझ्या मते तिच्या वाटेला जाऊच नये. बाटलीही बहुधा अर्ध्याच लिटरची मिळते.