जुन्या इटालियन नागरी नोंदींतील व्यवसायवाचक संज्ञा

इटलीतील १९व्या शतकातील जन्म, विवाह व मृत्यूच्या नागरी नोंदींत पालक, वधूवर, साक्षीदार इत्यादींच्या नावापुढे बहुधा त्यांचा व्यवसाय लिहिलेला आढळतो. यांपैकी अनेक संज्ञा आज प्रचारात नाहीत; काहींचा अर्थ बदललेला आहे. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या प्रथेमुळे एकाच गावात एकाच नावाचे अनेक चुलतभाऊ असत. त्यामुळे वंशावळ तयार करताना व्यवसाय हा व्यक्ती ओळखण्याचा महत्त्वाचा आधार ठरतो.

पार्श्वभूमी

नागरी नोंदणीची पद्धत नेपोलियनच्या राजवटीत इटलीत आली. नेपल्सच्या राज्यात ती १८०९ मध्ये सुरू झाली व बूर्बों घराणे पुन्हा सत्तेवर आल्यानंतरही चालू राहिली. सिसिलीत ती १८२० पासून लागू झाली. उत्तरेत मात्र नेपोलियनच्या पाडावानंतर ती बहुतेक ठिकाणी बंद पडली. एकीकरणानंतर १८६६ पासून देशभर समान नोंदणी सुरू झाली. व्हेनेतो व रोम येथे ती १८७१ पासून लागू झाली. तत्पूर्वीच्या नोंदींत स्थानिक बोलींतील शब्द मोठ्या प्रमाणावर आढळतात.

शेतीविषयक संज्ञा

'कोंतादिनो' म्हणजे शेतकरी. दक्षिणेतील नोंदींत वारंवार येणारा 'ब्राच्चाले' हा शब्द 'बाहू' या अर्थाच्या शब्दावरून आला असून त्याचा अर्थ रोजंदारीवरील शेतमजूर असा होतो. आधुनिक इटालियन भाषेत याच शब्दाचा अर्थ हातातील कडे असा आहे. 'मेद्झाद्रो' म्हणजे अर्धेलीने जमीन कसणारा. 'मास्सारो' ही संज्ञा प्रदेशानुसार बदलते: दक्षिणेत ती स्वतःची जनावरे बाळगणाऱ्या सधन शेतकऱ्यासाठी, तर उत्तरेच्या काही भागांत खंडाने जमीन कसणाऱ्या कुळासाठी वापरली जाई.

कारागीर, व्यापारी व वैद्यकीय व्यवसाय

'फाब्ब्रिकातोरे' या शब्दावरून कारखानदार असा समज होतो. परंतु दक्षिणेतील नोंदींत तो गवंडी असतो. 'त्राफ्फिकांते' हा सामान्य व्यापारी होय. या शब्दाला तस्करीचा अर्थ नंतर चिकटला. 'वातिकाले' खेचरांवरून मालवाहतूक करी. 'स्पेत्सिआले' म्हणजे औषधे तयार करून विकणारा, 'सालास्सातोरे' म्हणजे उपचार म्हणून रक्त काढणारा व 'लेवात्रिचे' म्हणजे सुईण. सिसिलीतील 'त्सोल्फातारो' हा गंधकाच्या खाणीतील कामगार होय.

दर्जादर्शक संज्ञा

काही शब्द व्यवसायाच्या जागी लिहिलेले असले तरी ते सामाजिक दर्जा दाखवितात. 'प्रोप्रिएतारिओ' व 'पोस्सिदेंते' म्हणजे मालमत्ताधारक. 'चिविले' व 'गालांतुओमो' या संज्ञा अंगमेहनत न करणाऱ्या प्रतिष्ठित वर्गासाठी आहेत. अशा व्यक्तींच्या नावाआधी 'दोन' ही आदरार्थी उपाधी अनेकदा आढळते.

स्त्रिया व टाकून दिलेली मुले

स्त्रियांच्या नावापुढे 'फिलात्रिचे' (सूत कातणारी) किंवा 'तेस्सित्रिचे' (विणकरीण) असे उल्लेख येतात. टाकून दिलेल्या अर्भकांना 'प्रोयेत्ती' म्हणत. अशी अर्भके स्वीकारण्यासाठी नेमलेली 'रिचेवित्रिचे' त्यांना अधिकाऱ्यापुढे हजर करी. अधिकारी अर्भकाचे लिंग, अंदाजे वय, अंगावरील कपडे व दिलेले नाव नोंदवी. एकाच स्त्रीचे नाव अशा अनेक नोंदींत येते. या संज्ञेचा अर्थ न कळल्यास तिलाच मुलाची आई समजले जाते व संपूर्ण वंशावळ चुकीच्या घराण्याशी जोडली जाते.

अर्थनिर्णयाची पद्धत

एकाच नोंदीवरून निष्कर्ष न काढता त्या व्यक्तीच्या विवाहाच्या, सर्व अपत्यांच्या जन्माच्या व मृत्यूच्या नोंदी एकत्र पाहिल्या जातात. व्यवसायातील फरक म्हणजे नेहमीच भिन्न व्यक्ती असे नाही. आज 'कोंतादिनो' म्हणून नोंदलेला मनुष्य दुसऱ्या लेखनिकाच्या हाती 'ब्राच्चाले' होऊ शकतो. याउलट शेतमजूर व 'गालांतुओमो' ही एकच व्यक्ती असण्याची शक्यता कमी असते. अक्षर अस्पष्ट असल्यास त्याच लेखनिकाच्या इतर नोंदींतील तोच शब्द ताडून पाहतात. वडिलांच्या नावापूर्वीचा 'दी' हा शब्द ते हयात असल्याचे, तर 'फू' हा ते मृत असल्याचे दर्शवितो. व्यवसायासोबत हा तपशील घेतल्यास समान नावांच्या व्यक्ती वेगळ्या करणे सोपे जाते. इटलीच्या राज्य अभिलेखागारांच्या 'आंतेनाती' या संकेतस्थळावर अशा नोंदींच्या प्रतिमा विनामूल्य पाहता येतात.