लेकीची दुसरी गाडी

मागच्या भाषणात मी ड्रायव्हिंग लायसन्सबद्दल बोलले होते. त्यानंतर बऱ्याच जणींनी एकच विचारलं, की ताई, मुलगी गाडी शिकली, आता जुनी मोठी गाडी स्वस्तात मिळतेय, घेऊ का? आज त्याचंच सांगते. आमच्याच घरात हा विषय नुकताच होऊन गेला, त्यामुळे सगळं ताजं आहे.

माझी लेक 24 वर्षांची. कराडला दवाखान्यात नर्स आहे. आमच्या गावापासून 26 किलोमीटर. आठवड्यातून दोन-तीनदा रात्रपाळी असते आणि त्या वेळी एसटी नसते. तीन वर्षं तिनं मामाची जुनी छोटी गाडी चालवली. त्या गाडीवर हात बसला, पण मागून उसाचा ट्रक आला की गाडी हलायची, आणि तिच्यात एअरबॅग नाही, एबीएस नाही. म्हणून तिनं अडीच लाख रुपये साठवले आणि डिकीवाली सेडान घ्यायची ठरवली. तिचे बाबा म्हणाले, एवढी मोठी कशाला? भाऊ म्हणाला, चकाचक बघून घे. दोघांचंही पूर्ण बरोबर नव्हतं.

गाडी जुनी असली म्हणजे वाईट नसते. नीट राखलेली 12 वर्षांची गाडी हयगय केलेल्या 5 वर्षांच्या गाडीपेक्षा बरी. पण ती कशी राखली हे आपल्याला कोणी सांगत नाही, ते गाडीकडूनच काढून घ्यावं लागतं.

आधी कागद. आरसी बुकवर नोंदणीची तारीख बघा. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे आरटीओत गाडी दाखवून, फिटनेस करून ती 5-5 वर्षांनी वाढवावी लागते. मोटारीसाठी या नूतनीकरणाचं शुल्क 2022 पासून पाच हजार रुपये झालं, आणि आपल्या राज्यात पर्यावरण कर वेगळा. म्हणजे 2013 ची गाडी 2028 ला तिथं पोचणार. एक-दोन वर्षांतच मुदत संपणारी गाडी असेल, तर तो खर्च किमतीतून आधीच वजा करा.

आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघा. कर्ज फिटलं असं तोंडी सांगून चालत नाही. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 लागतो, तेव्हाच बोजा उतरतो. चलनं थकलीत का ते परिवहनच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून दिसतं. 2019 च्या एप्रिलपूर्वीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का तेही विचारा. आणि दिल्लीची गाडी फार स्वस्तात आली, तर हुरळू नका. तिकडे 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून त्या इकडे येऊ लागल्या. परराज्यातली गाडी आपल्या नावावर करताना तिकडची एनओसी लागते आणि इथला कर भरावा लागतो. तो धरला की स्वस्ताई संपते.

आता गाडीकडे येऊ. आम्ही पहिली बघितली ती 2012 ची, सांगलीकडची. बाहेरून नुसती आरशासारखी. लेक तर प्रेमातच पडली आणि तिथल्या तिथं इसार द्यायला निघाली. मी म्हटलं, थांब, आपण कृष्णा-कोयनेच्या काठची माणसं. 2019 आणि 2021 ला पाण्यानं काय केलं ते आपण बघितलंय. आधी पट्टा ओढ.

सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढायचा. तिनं ओढला, तर आतल्या वीतभर भागावर मातीचा पिवळट डाग. डिकीतली स्टेपनी उचलली, खाली गंज. सीटच्या रुळांवर गंज. आत उग्र अत्तर मारलेलं, पण काचा बंद करून पाच मिनिटं बसलो आणि कुबट वास आला. पुरात बुडालेल्या गाडीची वायरिंग कधी दगा देईल सांगता येत नाही. आज चालेल, आणि एखाद्या रात्री दोन वाजता ओसाड रस्त्यावर बंद पडेल. ज्या रात्रीसाठी गाडी घ्यायची, त्याच रात्री. लेकीचे डोळे भरले, पण ती निमूट गाडीतून उतरली.

ठोकलेली गाडी ओळखायलाही फार हुशारी लागत नाही. दिवसाउजेडी बघा, धुतलेली ओली गाडी बघू नका. दोन दरवाजांच्या रंगात फरक दिसतो का? बॉनेट आणि मडगार्डच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे आहेत का? फ्रिजवर लावतो तो साधा लोहचुंबक मऊ फडक्यात धरून पत्र्यावरून फिरवा. पत्र्यावर तो सगळीकडे चिकटायला हवा. जिथं धरत नाही, तिथं खाली लांबी भरलेली असते. मात्र बंपर प्लॅस्टिकचा असतो, तिथं तो चिकटणारच नाही. बारीकसारीक घासाघिशी चालते. दरवाजांमधले खांब किंवा पुढची चासी वेल्डिंग केलेली असेल, तर ती गाडी सोडा.

इंजिन थंड असतानाच बघायचं. जाण्याआधी फोन करून सांगा, आम्ही येईपर्यंत चालू करू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं, तर का तापवून ठेवली ते विचारा. चालू केल्यावर एकीनं मागं सायलेन्सरकडे उभं राहावं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर कूलंट आत जातंय. ऑइलचं झाकण उघडून बघा, आत दुधाळ चिकट साय दिसली तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याची शक्यता असते. टायमिंगला साखळी आहे की रबरी पट्टा, तेही विचारा. पट्टा असेल तर तो कधी बदलला त्याचं बिल मागा, कारण तो तुटला की बऱ्याच गाड्यांचं इंजिनच खोलावं लागतं.

मीटरवरच्या आकड्यावर भुलू नका, तो मागे फिरवता येतो. पण ब्रेकचं रबर, स्टिअरिंगचं चामडं आणि ड्रायव्हरची सीट खोटं बोलत नाहीत. 50 हजार रनिंग सांगतात आणि पेडल घासून गुळगुळीत, हे जुळत नाही. कंपनीच्या सर्व्हिसची बिलं मागा, त्यात तारखेसह रनिंग लिहिलेलं असतं.

चालवून बघताना मुलीनंच चालवायची, भावानं नाही. सपाट रस्त्यावर स्टिअरिंग हलकं धरलं तर गाडी एका बाजूला ओढते का? खड्ड्यात खालून टकटक येते का? स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवताना कटकट वाजतं का? तिसऱ्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबला आणि इंजिन नुसतं ओरडलं, गाडी पळालीच नाही, तर क्लचप्लेट गेली. चौघं बसवून गावातल्या स्पीडब्रेकरवरून न्या. सेडान लांब आणि खाली असते, पोट घासतं का ते तिथंच कळतं. सीटवर बसून मुलीला बॉनेटच्या पलीकडचा रस्ता नीट दिसतो का, क्लच पूर्ण दाबला जातो का, हेही बघा.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. मोटारींना एबीएस 2019 च्या एप्रिलपासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग 2019 च्या जुलैपासून सक्तीची झाली. त्याआधीच्या गाड्यांत ती वरच्या मॉडेलला असायची, खालच्याला बहुधा नसायची. नाव एकच, पण आतून फरक. चावी फिरवली की एअरबॅग आणि एबीएसचे दिवे काही सेकंद लागून विझले पाहिजेत. लागूनच राहिले तर बिघाड आहे. लागलेच नाहीत तर बिघाड लपवायला कोणी दिवा काढलाय का, हा संशय घ्या. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधल्या दोषामुळे जगभर गाड्या परत बोलावल्या गेल्या होत्या. होंडाच्या त्या काळातल्या सिटी, सिविक, जॅझ, अकॉर्डही त्यात होत्या. तशी गाडी असेल तर चासी नंबर देऊन कंपनीकडे विचारा. तो भाग फुकट बदलून मिळतो.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2219 म्हणजे 2019 सालचा 22 वा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर कडक झालेला असतो. सुटे भाग मिळतात का तेही गॅरेजवर विचारा. शेवरोलेनं 2017 मध्ये भारतातली विक्री थांबवली, फोर्डनं 2021 मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. गाडी चांगली असली, तरी एका भागासाठी आठवडाभर थांबणं कामावर जाणाऱ्या मुलीला परवडत नाही.

दुसरी गाडी आम्हाला कराडातच मिळाली. 2013 ची, रंग साधा राखाडी, एका बाजूला ओरखडा. पण पहिलाच मालक, सगळी बिलं, दोन एअरबॅग, एबीएस. सांगितली सव्वादोन लाख. आम्ही आमचे मिस्त्री नेले, 800 रुपये दिले. त्यांनी लिहून दिलं: चार टायर 17 हजार, बॅटरी साडेचार, पुढचे शॉकॲब्सॉर्बर आणि बुश 12, ऑइलसकट सर्व्हिस 6. झाले साडेएकोणचाळीस हजार. तो कागद पुढं ठेवून लेकीनंच बोलणी केली. एक लाख 95 हजाराला ठरली. दुरुस्ती धरून दोन लाख साडेचौतीस हजार. उरलेल्या साडेपंधरा हजारांत विमा आणि आरटीओ बसलं. हाती आहेत तेवढ्या सगळ्या पैशांची गाडी घेऊ नका असं मी म्हणते, ते यासाठी. पाचवा हिस्सा बाजूला ठेवाच.

विम्याचंही ऐका. तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा. 2022 च्या दरांनुसार 1000 ते 1500 सीसीच्या मोटारीला वर्षाला 3416 रुपये, त्यावरच्या इंजिनाला 7897, वर जीएसटी. म्हणजे इंजिन थोडं मोठं घेतलं की दर वर्षी दुपटीहून जास्त. व्यवहार झाल्यापासून 14 दिवसांत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचाच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन आरटीओत लगेच नोंद करा. एजंट करेल म्हणून वर्षभर राहू देऊ नका.

आणि शेवटचं. आरसीवर नाव कोणाचं, यावर आमच्याकडे थोडी कुजबुज झाली. बाबांचं टाकू, लग्नानंतर बघू, असं. मी म्हटलं, पैसे तिचे, रात्रपाळी तिची, गाडी तिच्याच नावावर होणार. आता आरसीवर तिचं नाव आहे.

पहिले आठ दिवस तिनं ती फक्त दिवसा चालवली, बाबा शेजारी बसले. मोठ्या गाडीचा अंदाज यायला तेवढे दिवस लागतातच. काल रात्री दीडला ती घरी आली. अंगणात गाडी लागल्याचा आवाज ऐकला आणि मी कूस बदलून झोपले.