मुलाच्या मनाचा पाया

मूल तापानें फणफणलें म्हणजे सारें घर जागें होतें. परंतु त्याचें मन कोमेजूं लागलें, तर तो हट्ट किंवा मुखदुर्बळपणा समजून त्याकडे दुर्लक्ष केलें जातें. शाळेच्या वयांत उघड होणाऱ्या भीति, खिन्नता, अतिक्रोध इत्यादि विकारांचा पाया पुष्कळदा पहिल्या दोन-तीन वर्षांतच पडलेला असतो. तान्हें मूल हुंकार देतें, आई त्यास हंसून उत्तर देते. तें रडतें, ती उचलून घेते. ह्या देवघेवीनें मेंदूची जडणघडण होते, आणि आपल्या हांकेस कोणी धांवून येतें हा विश्वास मुलाच्या ठिकाणीं रुजतो. आई स्वतःच चिंतेनें खचलेली असेल, तर हें उत्तर मंदावतें. त्यांत तिचा दोष नसतो. सबब मुलाच्या मनाची जोपासना करावयाची, तर प्रथम आईबापांस हात दिला पाहिजे.

ह्या विचारास प्रयोगाचा आधार आहे. जमेका बेटावरील किंग्स्टन शहरीं १९८६-८७ मध्यें वाढ खुंटलेलीं १२९ गरीब बालकें निवडण्यांत आलीं. त्यांपैकीं कांहींच्या घरीं आरोग्यसेविका दोन वर्षेंपर्यंत दर आठवड्यास एक तास जाई, आणि साध्या खेळण्यांनीं मुलाशीं कसें खेळावें, कसें बोलावें, हें आईस दाखवी. तीं मुलें १७-१८ वर्षांचीं झालीं, तेव्हां अशी भेट न लाभलेल्या मुलांपेक्षां त्यांच्यांत चिंता व खिन्नता कमी आढळली. पुढें २२ व्या वर्षीं मारामारीची वृत्तिही कमी दिसली.

धाराशिव जिल्ह्यांतील लोहारा तालुक्यास आधाराचें मोल निराळें सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे झालेल्या भूकंपांत सास्तूर व आसपासचीं गांवें जमीनदोस्त झालीं. त्या वेळीं वांचलेलीं अनेक मुलें आतां स्वतः आईबाप आहेत. त्यावर अवर्षण, कर्ज आणि ऊसतोडीसाठीं होणारें स्थलांतर यांची भर. शेतकऱ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठीं शासनानें २०१५ मध्यें 'प्रेरणा प्रकल्प' आरंभिला, त्यांत ह्या जिल्ह्याचा समावेश होता. आशा स्वयंसेविकांनीं घरोघर मनाची विचारपूस करावी, अशी त्यांतील योजना. २०१८ पासून देशांत दुसरीही योजना आली: बालकाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यांत आशाताईनें घरीं जावयाचें, आहार व वाढ पाहावयाची, खेळाविषयीं सांगावयाचें.

ह्या दोन वाटा एकाच उंबरठ्यावर मिळाव्यात. वजन पाहून झाल्यावर आईस विचारावें, "झोंप लागते ना? मन कोणापाशीं मोकळें करतां?" दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी टिकली असेल, तर तिला डॉक्टरांकडे न्यावें. वाटी-चमचा, चिंध्यांची बाहुली, बडबडगीत एवढ्या साहित्यावर खेळ दाखवितां येतो. बाप घरीं असेल, तर त्यालाही त्यांत ओढावें.

शहरांतील सुशिक्षित घरांनीं हें खेड्यापुरतेंच समजूं नये. बंद दाराच्या सदनिकेंत दिवसभर तान्ह्यासह एकटी असणारी तरुण आई लोहाऱ्याच्या आईइतकीच आधाराची भुकेली असते. तिच्या घरीं जाणाऱ्या सासूनें, नणंदेनें अथवा शेजारणीनें बाळाच्या बाळशाची चौकशी अवश्य करावी. पण त्याआधीं बाळाला घटकाभर आपल्या मांडीवर घ्यावें आणि आईस निजूं द्यावें.