सीतेची वेणी : ओळख आणि जोपासना

वैशाखाच्या अखेरीस वळवाच्या सरी पडू लागल्या की, कोकणात व सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर एखाद्या जुन्या आंब्याच्या अथवा ऐनाच्या फांदीवरून फुलांचे लांबट घोस लोंबताना दिसतात. पांढऱ्या पाकळ्यांवर जांभळट-गुलाबी ठिपके, आणि एकेका घोसात कित्येकदा शंभराहून अधिक फुले. या घोसास लोकांनी ‘सीतेची वेणी’ म्हटले, ते पाहताक्षणीच पटते. आमरी, म्हणजेच ऑर्किड, कुळातील या वनस्पतीचे शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा. श्रीलंकेपासून फिलिपाइन्सपर्यंत तिचा आढळ आहे. आसामात तिला ‘कपौ फूल’ म्हणतात. रंगाली बिहूच्या नृत्यात तरुणी ते केसांत माळतात. आसाम व अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांचे ते राज्यपुष्प होय.

आपल्याकडे मात्र या वेलबुट्टीदार पाहुणीच्या नशिबी पुष्कळदा कोयताच येतो. झाडावर वाढते म्हणून ती बांडगूळ, असा समज सर्वत्र रूढ आहे. बांडगुळाची मुळे फांदीच्या आत शिरून रस शोषतात व फांदी वाळवतात. ते काढून टाकणे योग्यच. आमरीची मुळे सालीला केवळ वरून चिकटलेली असतात. झाडाकडून ती आधाराखेरीज काही घेत नाही. तिच्या जाड, पांढुरक्या मुळांवर स्पंजासारखे आवरण असते. पाऊस व दव त्यात शोषले जाते, आणि सालीवर साचलेल्या पालापाचोळ्यातून पोषणद्रव्ये मिळतात. ओळखण्यास खूण सोपी आहे. बांडगूळ जेथे फांदीशी एकजीव होते तेथे बहुधा गाठ दिसते. आमरीची पाने पट्ट्यासारखी, जाड, दोन ओळींत मांडलेली असतात व मुळे उघडी दिसतात. शाळेच्या आवारात असे झाड असेल, तर शिक्षकांना यासाठी वेगळे चित्र काढावयास नको.

तोडलेले रोप सहजी भरून येत नाही. एका बोंडात धुळीसारखे असंख्य बी असते, परंतु त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतो. विशिष्ट बुरशीची साथ लाभली तरच ते रुजते, आणि रोपास फुलावर येण्यास काही वर्षे लागतात. १९२२ साली अमेरिकेतील लुईस नडसन यांनी साखरयुक्त माध्यमात, बुरशीवाचून, ऑर्किडचे बी रुजविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. प्रयोगशाळेत वाढविलेली रोपे त्यामुळे मिळू शकतात. हौसेखातर जंगलातून रोपे ओरबाडून आणण्याचे म्हणूनच काही कारण उरत नाही.

लागवडीत पहिली चूक होते ती मातीची. कुंडीत माती भरून रोप लावले की मुळे गुदमरून कुजतात. लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत कोळसा, विटांचे तुकडे व थोडा नारळाचा काथ्या घालावा, किंवा रोप सरळ ओंडक्यावर बांधावे. जागा विरळ सावलीची व खेळत्या हवेची हवी. उन्हाळ्यात सकाळी मुळांवर पाणी शिंपडावे, हिवाळ्यात ते कमी करावे. पानांच्या बेचक्यात रात्रभर पाणी साचू देऊ नये. वाढीच्या दिवसांत अगदी सौम्य केलेले द्रवखत पुरे. गोगलगायी मुळांची कोवळी हिरवी टोके खातात, तेव्हा पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन एक फेरी मारलेली बरी. एकदा स्थिरावलेले रोप वारंवार हलवू नये. हा दंडक उत्साही मंडळींना सर्वांत जड जातो.

रस्तारुंदीसाठी वा अन्य कारणाने रीतसर परवानगीने जुने झाड पाडावयाचे असेल, तेव्हा ग्रामपंचायतीने त्यावरील आमरी आधी पाहून घ्यावी. २००२ च्या जैविक विविधता कायद्यान्वये गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या व लोक जैवविविधता नोंदवह्यांची तरतूद आहे. तीत अशा झाडांची नोंद असल्यास शोध सोपा होतो. काम शक्यतो पावसाळ्याच्या तोंडावर करावे. मुळे न ओढता सालीच्या तुकड्यासह रोप सोडवावे आणि जवळच्याच खरबरीत सालीच्या झाडावर, तेवढ्याच सावलीत, सुतळीने बांधावे. पावसाळ्यात नवी मुळे सालीला धरू लागतात. सुतळी पुढे आपोआप कुजून गळून पडते.