दोनाच्या अंतरावरचं कोडं

३ आणि ५, ११ आणि १३, २९ आणि ३१. दोनाच्या अंतरावरच्या अशा मूळ संख्यांना आपण शाळेत जोडमूळ संख्या म्हणतो. मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध केलं. या जोड्याही अनंत असाव्यात, असं बहुतेक गणितज्ञ मानतात. सिद्धता मात्र अजून कोणाकडेही नाही.

नॉर्वेच्या विगो ब्रूनने १९१९ साली दाखवलं की या जोड्यांच्या गुणाकार व्यस्तांची बेरीज एका मर्यादेपलीकडे जात नाही. सगळ्या मूळ संख्यांची तशी बेरीज मात्र अमर्याद वाढते. म्हणजे जोड्या फारच विरळ. पण विरळ असणं वेगळं आणि संपणं वेगळं.

मग २०१३ साल उजाडलं. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर विद्यापीठात शिकवणारे यीतांग झांग तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते, आणि गणिताच्या जगात जवळपास अपरिचित. त्यांनी सिद्ध केलं की सात कोटींपेक्षा कमी अंतराच्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. दोन कुठे नि सात कोटी कुठे, असं वाटेल. पण त्याआधी कोणतीही ठाम मर्यादा सिद्ध झालेली नव्हती, म्हणून मला हे पाऊल सगळ्यांत मोठं वाटतं. जेम्स मेनार्ड आणि टेरेन्स टाओ यांनी स्वतंत्रपणे नवी वाट काढली, आणि अनेकांनी मिळून वर्षभरातच ती मर्यादा २४६ वर आणली.

तिथे गाडं अडलं आहे. या सिद्धतांमागे मूळ संख्या वेगळ्या काढणाऱ्या चाळण्या आहेत, आणि त्यांना, एखाद्या संख्येच्या मूळ अवयवांची संख्या सम आहे की विषम, हे ओळखता येत नाही. दोनपर्यंत पोचायला निराळीच कल्पना लागेल.