जुनी डिझेल घेताय? आधी चेन ऐका
इथे लखनौला, अमौसीत, थंडीच्या सकाळी माझी जुनी डिझेल स्विफ्ट सुरू करताना मी आधी कान देतो. फियाटचं हे १२४८ सीसीचं मल्टीजेट इंजिन पुण्याजवळ रांजणगावलाही बनायचं. ताकद ७५ पीएस, टॉर्क १९० न्यूटन-मीटर. यात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. तिचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल जुनं झालं, कमी पडलं, की चेन सैल होऊन खडखडते. ती दात सोडून सरकली तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनच उघडावं लागतं. टर्बोची बेअरिंगही त्याच ऑइलवर जगते. म्हणून हायवेवरून आल्यावर मिनिटभर आयडलवर ठेवूनच बंद करा. विकणाऱ्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा.